जुना सायलेन्सर

घाट चढताना आजारी लोर्नाला धाप लागायची आणि तिच्या नवऱ्याचा, वेंडेलचा पिकअपही धापा टाकायचा. वायोमिंगमधलं तिच्या उपचारांचं इस्पितळ घाटापलीकडेच होतं. म्हणून वेंडेलनं इंजिन ट्यून करून घेतलं, रुंद सायलेन्सर बसवला.

आज भरदुपारी गाडी बर्फातून सुसाट चढत होती. लोर्नाचा श्वास घरघरत होता.

तेवढ्यात घरून मुलीचा, टेसचा फोन आला. "डॅडी, मी गॅरेजात अडकलेय! दार उघडत नाही. तू काढून टाकलेला जुना सायलेन्सर धूर ओकतोय!"

"वेडी का तू? तो नुसता कोपऱ्यात पडलाय!" घाबरून त्यानं वेग वाढवला.

"वाढला धूर! गुदमरतेय मी, डॅडी!"

वेंडेलनं एक्सलरेटरवरचा पाय उचलला.

"धूर थांबला," टेस हुंदका देत म्हणाली.

शेजारी लोर्नाचा श्वासही थांबला होता.