जावयाचा सेल्फ

गाडीची चावी फिरवली की नुसतं ‘टक’ व्हायचं. “सेल्फ गेलाय,” मी सासरवाडीच्या अंगणात जाहीर केलं आणि तालुक्याहून नवा घेऊन आलो.

“जावईबापू, बॅटरीच्या अर्थिंगची तार बघितली का?” सासऱ्यांनी हळूच विचारलं. एसटीच्या वर्कशॉपात त्यांची तीस वर्षं गेली होती.

“मामा, ही तुमची लाल गाडी नाही.” ते बाजूला सरले.

मोबाइलवर व्हिडिओ बघत, दोन तास गाडीखाली लोळून मी सेल्फ बदलला. चावी फिरवली. टक.

हात धुण्याच्या निमित्तानं मी मोरीत तोंड लपवलं. कोपरापर्यंत साबण चोळत राहिलो. खिडकीतून दिसलं, सासरे बॉनेटखाली वाकून त्या तारेचा नट आवळत होते.

“आता सेल्फ मारून बघा,” त्यांनी हाक दिली. मी जाऊन चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. “झाली का नीट?”

“जावईबापूंनी सेल्फच बदलला,” सासरे म्हणाले. “आपल्याला नसतं जमलं.”

त्यांनी कप डाव्या हातानं घेतला. काळा झालेला उजवा हात पाठीमागे होता.

माझ्या हातांना साबणाचा वास येत होता.