ठणठणीत

मुलीला नवं यकृत बसवून वर्ष होत आलं होतं. तरी तिची आई आज पुन्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर दिसली, तेव्हा हॉस्पिटलची समाजसेविका घाईने तिच्याजवळ गेली.

"काय झालं? पोरीला ताप आलाय का?"

"नाही हो ताई, ठणठणीत आहे. सकाळीच माझ्याशी कडाकडा भांडून शाळेत गेलीय."

"मग औषधं संपली का?"

"आहेत की."

समाजसेविका तिच्या शेजारी बसली. सकाळपासून तिलाही पाठ टेकायला मिळाली नव्हती.

"मग आज इकडे कशा काय?"

आईने डोकं मागे भिंतीला लावलं आणि डोळे मिटले.

"घरी सगळे आनंदात आहेत, ताई. मी दमलेय, हे तिथे कुणाला सांगू?"