परत पाठवलेला चीक

प्रमिलाताईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वेलचीचा वास घरभर पसरला. खरवसाची पहिली वडी बशीत घालून त्यांनी सुनेपुढे धरली. "घे गं. बाळ झालं, शुगरही नॉर्मल आली. आता पोटभर खा."

सातव्या महिन्यात शेजारीण नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक घेऊन आली होती. सुनेला खरवसच खावासा वाटत होता. पण डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, म्हणून प्रमिलाताईंनी चीक दारातूनच परत पाठवला. त्या दिवशी पोर जेवली नाही. ताईंना ते नखरे वाटले.

सुनेने एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली. "छान झालाय. माझी आई मात्र गूळ नव्हती घालत. नुसतं मीठ-जिरं घालून उकडायची. ती गेल्यापासून कुणी केलाच नाही तसा."

"अगं, मग तेव्हा सांगायचंस ना!"

"सांगणार होते. पण तुम्ही 'गोड नाही म्हणजे नाही' म्हणालात आणि दार लावलंत."

प्रमिलाताई लगबगीने उठल्या. "थांब, चीक उरलाय थोडा. आत्ता करते तसा."

"राहू द्या, आई," पाळण्याची दोरी ओढत ती म्हणाली. "डोहाळे सरले आता."