औषधाची कैरी

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र शर्वाणीच्या जबड्याखाली टेकवलं, तशा सासूबाई पुढे सरसावल्या. "अहो, बाळ पोटात आहे, गळ्यात नव्हे."

शर्वाणीला हसू आवरेना. कैरीचे डोहाळे लागले होते, पण फोड तोंडात घातली की जबड्याखाली टम्म गोळा यायचा. आंबट बाधतंय म्हणून सासूबाईंनी कैऱ्या शेजारी वाटून टाकल्या होत्या.

"लाळेच्या नळीत खडा अडकलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भरपूर पाणी प्या, हलकेच चोळा आणि आंबट चघळा. लाळ सुटली की तीच त्याला ढकलेल."

मग सासूबाईंनीच कैरी चिरली, मीठ लावलं. दोन-चार दिवसांत तांदळाच्या कणीएवढा खडा शर्वाणीच्या तळहातावर आला.

"असंच अलगद बाळही येऊ दे," म्हणत सासूबाईंनी पुन्हा विळी पुढे ओढली. "त्या फोडी औषधाच्या होत्या. ही घे, डोहाळ्यांची."