विनशिप घराचा तळ

काठोकाठ भरलेला काचेचा पेला व्हर्ना टोलेफ्सन यांनी शेकोटीवरच्या फळीवरून उचलला, त्यातले पाणी खिडकीतल्या बेगोनियाच्या कुंडीत ओतले आणि त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

"हे खेळ सर्कशीत करा. या दिवाणखान्यात नाही."

"सर्कशीतला हत्ती निदान सांगितल्यावर उठतो, बाई," दारातून ड्वेन कुबियाक म्हणाला.

घरे जशीच्या तशी उचलून दुसऱ्या जागी नेणे हा ड्वेनचा धंदा होता आणि त्याच्या वडिलांचाही. निघताना आत पाण्याचा पेला ठेवायचा आणि पोहोचल्यावर थेंबही सांडला नाही हे मालकाला दाखवायचे, ही त्यांची जुनी रीत. विनशिप घर पुरापासून वाचवण्यासाठी टेकडीवर न्यायचे होते; त्याच्या पायातून लोखंडी गर्डर आरपार गेले होते, जॅक लावून झाले होते. आत माणूस असताना मात्र घर उचलता येत नाही.

परसाच्या टोकाला नदी विलो झाडांच्या बुंध्यांवर चढली होती.

"आत्या," अग्निशमन दलाची टोपी घातलेला केर्मिट म्हणाला, "वरच्या धरणाची दारं उघडलीत. संध्याकाळी पाणी पायरीला लागेल. ऊठ आता."

"मला पोहता येतं."

"घराला येत नाही ना!"

"उचललं की ते घर राहत नाही, केर्मिट. सामान होतं." व्हर्नाबाईंचा आवाज चढला नाही. तीस वर्षे या घराच्या विश्वस्त म्हणून त्यांनी इथला भिंतीवरचा कागद, रंगीत काचा, दारांच्या पितळी मुठीसुद्धा राखल्या होत्या. "विनशिपने ही जागा निवडली आणि हे घर इथे बांधलं. बाहेर पाटी आहे. 'बांधले तेथेच उभे.'"

"नदीला वाचता येत नाही, बाई," ड्वेन म्हणाला.

बाहेर विलोची एक फांदी कडाडून मोडली. व्हर्नाबाईंनी तिकडे पाहिले. त्यांची सारी नोकरी पुलांचे नकाशे काढण्यात गेली होती.

"पायाची तुळई तुम्ही कुठे कापली आहे, ते मला पाहायचं आहे," त्या म्हणाल्या. "एक बोटभर जरी जास्त कापली असेल, तर मी इथून हलणार नाही."

"आत्या, तुझे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत."

ड्वेनने विजेरी पुढे केली.

गर्डर घालण्यासाठी पायाचे दगड काढले होते. त्या खिंडारातून व्हर्नाबाई रांगत आत शिरल्या. तुळई एक बोटभरही जास्त कापलेली नव्हती. समाधान वाटायच्या ऐवजी त्यांना काहीतरी खटकले. दगडांनी आजवर झाकलेल्या भागात, तुळईच्या टोकाशी दोन गोल भोके होती. ओकच्या लाकडी गुटक्यांनी बुजवलेली, वरून रंग दिलेली. पुढच्या तुळईलाही तशीच दोन. त्यांनी किल्लीने एक गुटका उचकटला. आत गंजलेल्या साखळीची तुटकी कडी अडकली होती.

त्यांनी तुळईच्या तळावरून बोटे फिरवली. लांबच लांब चर, एकाच दिशेचे. चरांत मेणासारखी काळी चरबी. ओंडक्यांवरून जड वस्तू ओढताना लावतात, तशी. साखळीची भोके फक्त रस्त्याच्या बाजूच्या टोकांना होती. त्या सरपटत नदीच्या बाजूच्या टोकांपर्यंत गेल्या. तिथे एकही भोक नव्हते. ओढताना साखळ्या पुढच्या बाजूला बांधतात.

विजेरीचा प्रकाश नदीकडच्या खिंडारातून बाहेर पडून पाण्यावर हलत होता. हे घर कधीतरी कोणीतरी तिकडूनच ओढत इथे आणले होते.

त्या बाहेर आल्या तेव्हा कोपरांपर्यंत चिखल होता. गुटका त्यांनी कोटाच्या खिशात टाकला होता.

"जास्त कापलंय?" ड्वेनने विचारले.

"नाही."

"मग?"

त्या पायऱ्या चढून आत गेल्या.

"झालं," केर्मिट पुटपुटला. "पुन्हा बसली."

क्षणभराने त्या रिकामा पेला घेऊन दारात आल्या. घराचा नळ कालच तोडलेला होता. "पाणी आहे तुमच्याकडे?"

ड्वेनने आपली बाटली पेल्यात ओतली. "एवढं पुरे?"

"काठापर्यंत."

पेला त्यांनी दोन्ही हातांनी आत नेला, शेकोटीवरच्या फळीवर ठेवला आणि बेगोनियाची कुंडी काखेत घेऊन त्या बाहेर आल्या. पाटीकडे त्यांनी पाहिले नाही.

"टेकडीवर घर ठेवलंत की," त्या ड्वेनला म्हणाल्या, "तुळईतली तुमच्या गर्डरची भोकं बुजवू नका."

"उघडी ठेवली तर उंदीर शिरतात, बाई."

"शिरू देत."

ड्वेनने हात वर केला. जॅक एकदम घुमू लागले, लाकूड कण्हले, आणि दगड व तुळई यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ उमटली. ती रुंदावत गेली. थोड्या वेळाने घराच्या खालून पलीकडची नदी दिसू लागली.