काज-बटण

दिवाळी दोन दिवसांवर आली की अहेरीच्या लटारू शिंप्याला मान वर करायची फुरसत नसे. त्याने मशीन चालवायची, पडद्यामागे भागीरथाने काज-बटण करायचं, ही नवरा-बायकोची वीस वर्षांची रीत. गिऱ्हाईक तापलं की तो पडद्याकडे तोंड करून विचारी, "झालं का वं?" मशीनच्या खडखडाटात तिचं उत्तर त्याला एकट्यालाच ऐकू येई.

यंदा नदीपलीकडची धुरपता पोराच्या सदऱ्यासाठी तापली होती. "आमची बैलबंडी निघून राह्यली, भाऊ."

"झालं का वं?" लटारूने पडद्याकडे कान दिला. "आखरी बटण लावून राह्यली म्हणते. बसा घडीभर."

भागीरथाचा निरोप कळला तशी धुरपता निवली. पदराची गाठ सोडून तिने चारोळीची पुडी काढली. "बाईले देजा. वर्सातून एकडाव भेट होते, यंदा दिसलीच नाई."

"देतो ना," म्हणत लटारू पुडी घेऊन पडद्यामागे गेला.

 

आखाडात वारलेल्या भागीरथाच्या बसायच्या पोत्यावर, सकाळपासून जमलेल्या पुड्यांशेजारी त्याने हीही पुडी ठेवली आणि बिनबटणांचा सदरा मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवायला बसला.