दोरीच्या आतला हरभरा

कमलनगरच्या शेतात नेत्रावतीनं अर्ध्या हरभऱ्याला पेरताना जिवाणू चोळले होते. उरलेल्या अर्ध्याला तुलनेसाठी मुद्दाम काहीच दिलं नव्हतं आणि त्याच्याभोवती दोरी बांधली होती. दोन्हीकडच्या मुळांना चिकटलेली माती उद्या तपासली, की तिचा प्रबंध पुरा होणार होता. "दोरीच्या आत पाय ठेवू नका, अप्पा," असं तिनं वडिलांना बजावलं होतं. आज येळवशीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा सण. शेतातली पूजा आटोपली आणि अप्पा अंबिलीचं मडकं घेऊन, आरोळ्या देत, रीतीप्रमाणं पिकावर शिंपडून आले. ताक-ज्वारीची आंबवलेली अंबील म्हणजे जिवाणूंची जत्राच. नेत्रावती दोरीकडं धावली. "आत गेलते का तुमी?" "न्हाई गं. दोरीबाहेरूनच शिंपडलो. आतल्याला तू उपाशीच ठिवलीस, तवा तिकडं जरा जास्तच." ती दोरी सोडू लागली. "कामून सोडायलीस?" "आता आत कुणी उपाशी न्हाई, अप्पा."